त्रेपन्नावा आवाज

प्रयोगशाळेतल्या कर्ण्यांमधून पाच मुली गात होत्या आणि त्यांच्या गाण्यावर पन्नासएक माणसं जीव तोडून ओरडत होती. ध्वनिमुद्रण एकवीस वर्षांपूर्वीचं होतं. गाणं संपेपर्यंत समोरच्या खुर्चीतले तोकुनागासान दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. आवाज थांबल्यावर त्यांनी खिशातून एक जुनं तिकीट काढलं आणि टेबलावर सरळ करून ठेवलं.

"यात माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "मला फक्त तिचा आवाज हवा आहे."

डॉ. वृंदा परुळेकरने तिकीट हातात घेतलं. त्यावर कार्यक्रमाची तारीख होती आणि खाली नाव होतं, तोकुनागा साओरी. वृंदा वेंगुर्ल्याची. जपानमधल्या मात्सुयामाच्या या ध्वनिशाळेत तिला अकरा वर्षं झाली होती आणि गर्दीतून एकेक आवाज सुटा करणं हाच तिचा विषय होता.

तोकुनागासान यांनी हकिगत थोडक्यात सांगितली. साओरी एकोणीस वर्षांची असताना गेली. रक्ताचा आजार होता. ते तेव्हा भर समुद्रात होते आणि पुढचं बंदर तीन आठवड्यांवर होतं. ती अकरा वर्षांची होईपर्यंतचे व्हिडिओ घरात होते. त्यानंतर तिने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं नाही. तिचा फोन कुलूपबंद राहिला आणि वर्षभर न वापरल्यामुळे त्यातलं सगळं कंपनीच्या नियमाप्रमाणे पुसलं गेलं. मोठ्या साओरीचा आवाज जगात कुठे उरला असेल तर या मुद्रणात. 'आमानात्सु-गुमी' नावाच्या पाच स्थानिक मुलींच्या गायनसंघाचा तो निरोपाचा कार्यक्रम होता. त्यानंतर नवव्या दिवशी साओरी गेली.

"त्या दिवशी बायकोने मला जहाजावर निरोप पाठवला होता," ते म्हणाले. "साओरी कार्यक्रमाला गेली आहे, खूप खूश आहे. माझ्याकडे तिचा तेवढा एक दिवस आहे."

आवाज बनवून देणाऱ्या एका कंपनीकडे ते आधी जाऊन आले होते. लहानपणच्या आवाजावरून त्यांनी एकोणीस वर्षांची मुलगी तयार करून दिली. ती गोड बोलायची, त्यांना 'बाबा' म्हणायची. खरी साओरी त्यांना चिडवून 'कॅप्टन' म्हणत असे. त्यांनी ती फीत परत केली.

ते गेल्यावर वृंदाने प्रा. ओगिनोंना विचारलं. ओगिनो ध्वनिशाळेचे प्रमुख. माणूस रुक्ष, पण कुणाला खोटी आशा लावणार नाही असा.

"तळघरातल्या त्या सभागृहात मायक्रोफोन दोन आणि माणसं त्रेपन्न," ओगिनो म्हणाले. "दोन समीकरणांतून त्रेपन्न अज्ञात संख्या निघत नाहीत. यंत्र काढून देतं असं वाटतं, पण ते अंदाज बांधत असतं. जिथे माहिती नाही तिथे ते साधारण एकोणीस वर्षांची मुलगी भरेल. म्हणजे त्या कंपनीने केलं तेच."

"अंदाज नको असेल तर?"

"तर वजाबाकी. पोत्यात त्रेपन्न वस्तू आहेत आणि बावन्नांचं वजन तुला ठाऊक आहे, तर त्रेपन्नावीचं वजन तिला हात न लावता कळतं. बाकीच्या बावन्न जणांचे आवाज आण. ते कुठे उभे होते, कुठल्या क्षणी काय ओरडले ते सांग. मग जे उरेल ते त्या मुलीचं. पण कुठल्या गर्दीत कोण काय ओरडलं हे कुणी सांगू शकतं का?"

वृंदा दोन दिवस ते मुद्रण ऐकत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की या गर्दीत ते सांगता येतं. फुटबॉलच्या मैदानावर माणसं वाटेल ते ओरडतात. या गायनसंघांच्या चाहत्यांचं तसं नसतं. गाण्याच्या कोणत्या ओळीनंतर कोणती आरोळी, कितव्या ठोक्यावर कोणत्या मुलीचं नाव, हे सगळं ठरलेलं असतं आणि लोक घरी त्याचा सराव करतात. प्रत्येक मुलीला एक रंग असतो, त्या रंगाची दिव्याची कांडी हातात घेऊन तिचे चाहते ठरल्या जागी उभे राहतात. बावन्न माणसं एकवीस वर्षांनी परत मिळाली, तर तीच आरोळी त्याच ठोक्यावर ती पुन्हा देऊ शकतील. मधल्या वर्षांत कंठ उतरले असतील, पण त्यासाठी ध्वनिशाळेकडे 'वयशोधन' होतं. माणसाच्या आजच्या आवाजावरून आणि त्याच्या तरुणपणच्या एखाद्या छोट्या मुद्रणावरून त्या काळची त्याची स्वरमुद्रा ते गणिताने अचूक मांडत असे.

ओगिनोंनी सहा महिन्यांची मुदत दिली. लागले सात.

पहिला माणूस सापडला तो काजिवारासान. तेव्हा तो चाळिशीचा होता आणि सगळ्या आरोळ्यांचा म्होरक्या होता. आता शहराची बस चालवत होता. कार्यक्रमाला आलेल्यांची यादी त्याने जपून ठेवली होती, कोण कुठे उभं राहायचं तेही त्याला तोंडपाठ होतं. साओरी म्हटल्यावर तो लगेच म्हणाला की तिसऱ्या रांगेत डावीकडे, नारिंगी कांडीवाली, होनोकाची चाहती. पाच जणींत होनोका सगळ्यांत मागे नाचायची आणि तिला सगळ्यांत कमी टाळ्या पडायच्या. तिच्या नावाने ओरडणारी जेमतेम चारपाच माणसं होती.

शेवटच्या कार्यक्रमाला साओरी कशी दिसत होती असं तोकुनागासान यांनी विचारलं. काजिवारा अडखळला. त्या दिवशी अंधार होता, सगळेच रडत होते, आपलं कुणाकडे लक्ष नव्हतं, असं काहीसं तो बोलला. पुढे जे जे भेटले त्यांनीही साधारण हेच सांगितलं. साओरी सगळ्यांना आठवत होती, तिचं ओरडणंही आठवत होतं, पण त्या दिवशीची साओरी कुणालाच आठवत नव्हती.

माणसं एकेक करून येत गेली. एका दंतवैद्याने आधी खोलीचं दार नीट लागतं ना हे दोनदा तपासलं आणि मग असा ओरडला की वृंदाने कानांवरचे हेडफोन खाली ओढले. तेव्हा शाळकरी असलेली एक बाई आपल्या तीन मुलांना घेऊन आली. एक जण पेरूमध्ये स्थायिक झाला होता, त्याने तिथून मुद्रण करून पाठवलं. तिघे वारले होते. त्यांच्या घरच्यांनी जुने व्हिडिओ शोधून दिले. एक गृहस्थ आता नगरसभेत होते. त्यांनी आपण अशा कार्यक्रमाला कधी गेलोच नाही असं ठाम सांगितलं. तोकुनागासान त्यांच्या घरी गेले, मुलीबद्दल एक शब्दही काढला नाही, फक्त विचारलं की तुमची आवडती कोण होती. पहिली दहा मिनिटं ते गृहस्थ विषय टाळत राहिले आणि नंतर तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत हजर होते.

प्रत्येकाचा आवाज मिळाला की वृंदा तो मुद्रणातून वजा करायची आणि त्याला ऐकवायची. तशी पद्धतच पडली. आपला आवाज गेल्यावर गर्दीत कुठेतरी फट पडल्यासारखी वाटते, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. काजिवाराने ऐकलं, टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून बसला.

तोकुनागासान दर आठवड्याला येत. मुद्रण विरळ होत चाललं होतं. तीस गेले, चाळीस गेले. आधी जी नुसती गर्जना होती, तिच्यात आता माणसं मोजता येत होती. ते डोळे मिटून ऐकायचे आणि दर वेळी तेच विचारायचे, आता किती राहिले. एकदा त्यांनी आपल्या बायकोचा विषय काढला. तोशिए चार वर्षांपूर्वी वारली होती. मुलीच्या अंत्यविधीला ती रडली नाही, त्यानंतर सतरा वर्षं तिने घरात साओरीचं नाव उच्चारलं नाही.

"मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "तिच्यापाशी रडणं नव्हतं असं मी धरून चाललो. एका घरात आम्ही दोन भाडेकरूंसारखे राहिलो."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बावन्नावा आवाज वजा झाला. वृंदा आणि ओगिनो दोघेच खोलीत होते. आता मुद्रणात पाच मुली गात होत्या आणि समोर जवळजवळ रिकामं सभागृह होतं. पहिलं कडवं गेलं. मग तिसऱ्या रांगेत डावीकडून, जिथे असायला हवा तिथूनच, एक आवाज उठला. "होनोका!"

ओगिनोंनी मुद्रण थांबवलं. आवाज बाईचा होता, पण घोगरा आणि जड.

"हा एकोणीस वर्षांचा कंठ नाही," ते म्हणाले. "पन्नाशीच्या आसपासचा आहे."

त्यांनी सगळं गणित पुन्हा तपासलं. कुठे चूक नव्हती. दाराशी फाडलेली तिकिटं त्रेपन्न होती आणि वजा झालेले आवाज बावन्न. साओरीच्या तिकिटावर आत गेलेलं माणूस साओरी नव्हतं. वजाबाकीत हवं ते उरत नाही, असतं ते उरतं. वृंदाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण म्हाताऱ्या माणसाला ते सांगून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. तिने विचारलं, आवाज मिळाला नाही असं सांगू का. ओगिनो म्हणाले की मिळाला आहे, आणि तो आपला नाही, त्यांचा आहे.

तोकुनागासान दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नवा कोट घालून आले होते. वृंदाने त्यांना आधी सगळं सांगितलं आणि मग ऐकवलं. पहिल्या आरोळीला ते हलले नाहीत. तिसऱ्या आरोळीला त्यांचा हात टेबलाच्या कडेवर गेला.

"ही तोशिए," ते म्हणाले.

पुढचं त्यांनीच जुळवलं, एकेक वाक्य सावकाश. म्हणजे त्या दिवशी साओरी रुग्णालयात होती. तिला उठता येत नव्हतं. तिचं तिकीट होतं, तेव्हा तिच्या जागी आई गेली. आणि जहाजावर निरोप पाठवला, की मुलगी कार्यक्रमाला गेली आहे, खूप खूश आहे. तीन आठवडे मी कुठे जाऊ शकत नव्हतो, खरं कळलं असतं तर इंजिनच्या खोलीत वेडा झालो असतो. नंतर तो निरोप मला किती धरून ठेवावासा वाटतो हे तिने पाहिलं असेल. मग तिला तो मागे घेता आला नाही.

"माझ्याकडे तेवढा एक दिवस होता," ते म्हणाले. "तो नव्हताच."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तोशिएसान यांचा आवाज गाण्यागणिक बसत चालला होता, चौथ्या गाण्यात तर फाटलाच होता, पण त्या थांबल्या नव्हत्या. सतरा वर्षं ज्या बाईचं रडणं नवऱ्याला दिसलं नाही, ती तळघरातल्या पन्नास अनोळखी लोकांमध्ये उभी राहून मुलीच्या आवडत्या गायिकेचं नाव घेत होती. तोकुनागासान यांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत.

सातव्या खेपेला वृंदाला वेगळंच काही जाणवलं. तोशिएसान ठोक्यावर ओरडत नव्हत्या. पहिल्या गाण्यात त्या वाटेल तिथे ओरडत होत्या, नवशिक्या माणसासारख्या. पण शेवटच्या दोन गाण्यांत प्रत्येक आरोळी ठोक्यानंतर सेकंदभराने येत होती, आणि ते अंतर प्रत्येक वेळी अगदी तेवढंच होतं. चुकणारं माणूस इतकं नेमकं चुकत नाही.

वृंदाला तो सेकंद ओळखीचा होता. दर रविवारी ती वेंगुर्ल्याला आईशी फोनवर बोलायची तेव्हा तिचं वाक्य आईकडे पोचून आईचं हसणं तिच्यापर्यंत यायला मध्ये तेवढीच पोकळी पडायची. दोघींनी एखादी आरती एकत्र म्हणायची ठरवलं तर एकीला थांबावंच लागायचं.

तिने शेवटच्या गाण्यातली एक आरोळी उचलली, तिचा वेग उतरवला आणि ध्वनिचित्र पडद्यावर मोठं केलं. तोशिएसान यांच्या जाड रेषांच्या आत दुसऱ्या बारीक रेषा होत्या, वरखाली कापल्यासारख्या. लहानशा कर्ण्यातून येणारा आवाज तसा दिसतो.

"तोकुनागासान," ती म्हणाली, "तोशिएसान यांच्या हातात फोन होता. तो त्यांनी डोक्यावर धरला होता. पलीकडे रुग्णालयातून साओरी पाहत होती. गाणं तिच्यापर्यंत पोचायचं, मग ती ओरडायची, आणि ते इकडे पोचायला सेकंद लागायचा. हे लक्षात आल्यावर तोशिएसान थांबायला लागल्या. मुलीचा आवाज फोनमधून आला की त्या तिच्याबरोबर ओरडायच्या."

तिने पुन्हा लावलं. आता कुठे ऐकायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्या घोगऱ्या आवाजाच्या पोटात एक पातळ, दमलेला, पण ऐकू येणारा आवाज होता. "होनोका!" आणि त्यानंतर, अर्धवट, एक हसू.

तोकुनागासान खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ जाऊन उभे राहिले, जसं काही तिथून जास्त ऐकू येणार होतं.

ओगिनोंनी मग व्यवहारातलं सांगितलं. साओरीचा आवाज सुटा करता येईल. दोघी एकाच क्षणी ओरडत आहेत, म्हणून आधी तोशिएसान यांना वजा करावं लागेल, आणि त्यासाठी त्यांचा निव्वळ आवाज हवा. बाकीच्यांचा मिळवला तसाच.

"आहे," तोकुनागासान म्हणाले. "घरच्या फोनवर आहे. आम्ही आत्ता घरी नाही, निरोप ठेवा, असं ती सांगते. मी तो बदलला नाही."

ते तो फोन घेऊन येतो म्हणून गेले आणि आठवडाभर आले नाहीत. वृंदाने दोनदा त्यांच्या घरी फोन केला. पहिल्यांदा तोशिएसान बोलल्या, की आम्ही आत्ता घरी नाही. दुसऱ्यांदाही त्याच बोलल्या.

नवव्या दिवशी ते आले ते हात हलवत. बरोबर काजिवारा होता, बसचालकाच्या गणवेशात. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याला काही सांगायचं होतं. त्या दिवशी डावीकडे एक बाई फोन उंच धरून उभी असलेली त्याने पाहिली होती. मुद्रण करायला मनाई होती, म्हणून तो तिला हटकायला निघाला होता. पण ती इतकी रडत होती की त्याला वाटलं, पाचपैकी कुणाची तरी आई असेल. तो मागे फिरला.

"तुम्ही हटकलं असतं तर आज काहीच नसतं," तोकुनागासान त्याला म्हणाले आणि कमरेत वाकले. मग वृंदाकडे वळले.

"मी फोन आणला नाही. रोज उचलून पिशवीत ठेवायचो आणि परत काढायचो. त्या बावन्न जणांना मी वजा करत गेलो, मला काही वाटलं नाही. पण हिला काढून मुलीला ऐकणं मला जमायचं नाही. मी आयुष्यभर तेच करत आलो आहे."

वृंदाने मान हलवली. हे मुद्रण आहे तसंच त्यांना देते, असं ती म्हणाली. ते म्हणाले की आहे तसं नको.

"बावन्न जणांना परत आत घाला. आणि एक विचारायचं होतं. एखादा आवाज काढता येतो, तर घालताही येतो का?"

ओगिनोंना प्रश्न समजायला वेळ लागला. घालायला शास्त्र लागत नाही, ते म्हणाले, ती नुसती बेरीज आहे.

म्हणून काजिवारा आला होता. गेले चार दिवस, बस डेपोच्या मागच्या आवारात, तो म्हाताऱ्याला आरोळ्या शिकवत होता. कुठल्या ओळीनंतर श्वास घ्यायचा, कितव्या ठोक्याला हात वर जातो, नाव कसं तीन तुकड्यांत फेकायचं. त्याच्या मते तोकुनागासान यांचा ठोका आता पक्का होता, आवाजात मात्र अजून संकोच होता.

वृंदाने त्यांना प्रतिध्वनिशून्य खोलीत उभं केलं आणि कानांवर शेवटचं गाणं लावलं. काचेपलीकडून ती त्यांना पाहत होती. ते कोटाची बटणं लावून, पाय जुळवून उभे होते. काजिवाराने दिलेली नारिंगी कांडी त्यांच्या हातात होती. कडवं संपलं, ढोल थांबले, काजिवाराने काचेच्या अलीकडून हात वर करून ठोका दाखवला.

ते ओरडले नाहीत. काजिवारा हळहळला, चुकला म्हणाला.

तोकुनागासान यांनी डोळे मिटले होते. एक सेकंद तसाच जाऊ दिला, आणि मग छातीतला सगळा वारा एकवटून त्यांनी ते नाव घेतलं.